दिवा का लागला नाही? मुलांसोबतच्या सर्किट प्रकल्पाच्या नोंदी

१० ते १३ वयाची चौदा मुलं, दर शनिवारी दोन तास. वस्तू बनवता बनवता त्यांना सर्किट कळावं, एवढंच ठरवून सुरुवात केली. या नोंदी त्या त्या दिवशी रात्री लिहिल्या आहेत. असंच काही करू पाहणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून चुका आणि वाया गेलेलं सामानही लिहून ठेवलं आहे. भिंतीतल्या प्लगची वीज कुठेही वापरली नाही. सगळं सेलवर, जास्तीत जास्त ६ व्होल्टवर.

६ जुलै २०२४

पहिला दिवस. प्रत्येक जोडीला तीनच वस्तू दिल्या: एक एए सेल, टॉर्चचा एक २.५ व्होल्टचा बल्ब आणि वीतभर वायर, दोन्ही टोकं सोललेली. होल्डर नाही, क्लिप नाही. बल्ब पेटवून दाखवा, एवढंच सांगितलं.

यासाठी मी पंधरा मिनिटं धरली होती. पन्नास लागली.

सातपैकी दोन जोड्यांचं पहिल्या दहा मिनिटांत जमलं. बाकीच्यांनी काय केलं ते लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या शनिवारी हेच पुन्हा पुन्हा समोर येणार असं वाटतं. तीन जोड्यांनी बल्बचं बूड सेलच्या प्लसवर टेकवलं आणि वायर नुसती हातात धरून ठेवली. सेलमधून वीज बल्बात गेली की झालं, परत यायची काय गरज, असा त्यांचा हिशोब होता. एका जोडीनं वायर दोन्हीकडे जोडली, पण बल्बाच्या बाजूला दोन्ही टोकं बुडालाच लावली. एका मुलानं वायर सरळ सेलच्या दोन टोकांना लावून बल्ब वर ठेवला. अर्ध्या मिनिटात त्यानं सेल टाकून दिला, इतका तो तापला होता. वीज मध्ये बल्ब न घेता सरळ सेलच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेली की तो शॉर्ट, हे त्यावरून सगळ्यांना कळलं. सेल हाताला गरम लागला की आधी सोडायचा आणि मग विचार करायचा, हा नियम तिथेच ठरला.

माझी चूक: खिडकीजवळच्या जोडीची घालमेल मला बघवेना. मी त्यांच्या हातातून वायर घेतली आणि लावून दाखवली. बल्ब लागला, दोघं खूश झाले. वीस मिनिटांनी म्हटलं, आता पुन्हा लावा. त्यांना जमेना.

अडकलेल्यांना शेवटी उपयोगी पडला तो एक गेलेला बल्ब. तो फडक्यात गुंडाळून मी स्वतः फोडला आणि काचा बाजूला करून आतला भाग फिरवला. आत दोन बारीक खांब आहेत. एकाची तार बुडाच्या ठिपक्याला जाते, दुसऱ्याची बाजूच्या आट्यांना. ते बघितल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांचे बल्ब लागले. होल्डरमध्ये ही दोन ठिकाणं झाकली जातात, म्हणून पहिल्या दिवशी होल्डर देऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

आणखी एक: २.५ व्होल्टचा बल्ब एका सेलवर मंद लागतो. उजेडात तो लागलेला दिसतच नाही. एका जोडीचं सर्किट बरोबर होतं, तरी ती दहा मिनिटं मोडून पुन्हा जोडत बसली होती. पडदे ओढल्यावर लक्षात आलं. आधी अंधार करा.

१३ जुलै

आज कागदाचं उजळणारं कार्ड. तांब्याची चिकटपट्टी, एक एलईडी आणि एक बटण सेल. सेल सीआर२०३२, नावातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. देतो ३ व्होल्ट. या सेलचा आतला अडथळाच इतका असतो की एक एलईडी रेझिस्टर (वीज थोडी अडवणारा छोटा भाग) न लावताही जळत नाही.

सातपैकी पाच कार्डं बंद.

पाचही कार्डांत चित्र बरोबर होतं, एलईडीचा लांब पाय प्लसकडे होता, सेल नवे होते. माझा पहिला अंदाज सेलवर गेला, तो चुकीचा. दुसरा एलईडीवर, तोही चुकीचा. मग मल्टिमीटर बीपवर लावून (दोन टोकांमध्ये विजेला सलग वाट असेल तर तो वाजतो) पट्टीची दोन टोकं तपासली. पट्टीचा प्रत्येक तुकडा वेगळा बघितला तर बीप येत होता. वळणावर एका तुकड्यावर दुसरा चिकटवला होता, तिथून पलीकडे मात्र काहीच नाही. पट्टीचं तांबं वीज नेतं, मागचा गोंद नेत नाही. कोपऱ्यावर मुलांनी पट्टी कापून दुसरी वर चिकटवली होती. म्हणजे तांबं, त्यावर गोंद, त्यावर तांबं. दिसायला सलग, प्रत्यक्षात तुटलेलं. वीज वाहून नेणाऱ्या गोंदाची पट्टीही मिळते, मी आणली होती ती साधी. आणताना हे बघायला हवं होतं. चाळीस मिनिटं गेली.

दुरुस्ती दोन प्रकारे झाली. एक, वळणावर पट्टी कापायचीच नाही. आधी उलट बाजूला मुडपायची, मग हव्या त्या दिशेला वळवून नखानं दाबायची. दोन, कापलीच असेल तर वरच्या तुकड्याचं टोक अर्धा सेंटिमीटर आत दुमडायचं, म्हणजे तांब्याला तांबं लागतं, आणि त्यावर साधी चिकटपट्टी घट्ट मारायची. पहिली पद्धत खूपच टिकाऊ.

दोघांनी एलईडीचे पाय सुबकपणे सारखे कापले आणि मग लांब कुठला, आखूड कुठला हेच कळेना. अशा वेळी एलईडीची कड बोटानं चाचपायची. गोल कडेला एका बाजूला सपाट भाग लागतो, ती मायनस बाजू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्ग संपताना सेल मोजले तर एक कमी. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिकेच्या ओलसर अस्तरातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. म्हणून कुणालाही उठू दिलं नाही, सगळ्यांनी मिळून शोधलं. पट्टीच्या मागच्या सोललेल्या कागदांच्या ढिगात तो चिकटलेला निघाला. वीस मिनिटं गेली, पण ती जायलाच हवी होती. आज रात्री जाड पुठ्ठ्यात चौदा खड्डे कापून ट्रे बनवला. यापुढे खड्डा रिकामा दिसला की वर्ग सुटणार नाही. लहान भावंडं असलेल्यांनी कार्डाचा सेल घरी टेपनं पक्का बंद करायचा, हेही सांगितलं.

सेल आतापर्यंत मी पत्र्याच्या डब्यात सुटे ठेवत होते. डब्यात ते एकमेकांना आणि पत्र्याला लागून आपोआप उतरत होते. नव्या चाळीसपैकी सहा असे गेले.

२० जुलै

कार्ड जमल्यावर मुलांना रंग हवे झाले. एका मुलीनं फुलपाखराचं कार्ड काढलं: दोन लाल, एक निळा, एक पांढरा एलईडी, चारही एकाच सेलवर समांतर, म्हणजे प्रत्येकाचा एक पाय थेट सेलच्या प्लसला, दुसरा मायनसला. लाल दोन्ही छान लागले. निळा आणि पांढरा अजिबात नाही.

मी म्हणाले, सेल कमजोर असेल. नवा लावला, तेच. आणखी एक बदलला, तेच. असे तीन सेल मी उतरलेले म्हणून बाजूला काढले. नंतर तपासले तर तिन्ही ठणठणीत होते. मुलांसमोर खात्रीनं सांगितलेली ती गोष्ट चुकीची होती आणि ते पुढच्या तासाला त्यांना सांगणार आहे.

खरं कारण तिच्याच हातून सापडलं. निळा पुन्हा नीट बसवताना तिचा धक्का लागून लाल एलईडीचे पाय पट्टीवरून उचलले गेले. दुसरा लाल तिनं आधीच काढून ठेवला होता. त्याच क्षणी निळा आणि पांढरा दोन्ही लागले. तिनं लाल पुन्हा टेकवला, निळा विझला. उचलला, लागला. हे तिनं सात-आठ वेळा केलं, एकटीनं, कुणाशी न बोलता. मग म्हणाली, "ताई, लाल याचं खातोय."

तिचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं. लाल एलईडी साधारण २ व्होल्टच्या आसपास लागतो, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. समांतर जोडल्यावर सगळ्यांवर एकच व्होल्टेज असतं, आणि लाल चालू असताना या छोट्या सेलचं व्होल्टेज २ च्या जवळ घसरतं. मीटर लावून तेही बघितलं. निळ्यासाठी ते पुरत नाही.

उपाय: लहान कार्डात एका सेलवर एकाच रंगाचे दिवे. मोठ्या कामात तीन एए सेलचा ४.५ व्होल्टचा पॅक आणि प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. साधारण १० मिलिअँपिअर धरले तर लालसाठी ४.५ मधून २ वजा केले की २.५ व्होल्ट उरतात, म्हणजे २५० ओहम. बाजारात जवळचा २७० मिळतो. निळ्या-पांढऱ्यासाठी १.५ व्होल्ट उरतात, १५० ओहम चालतो. २७० च्या पट्ट्या लाल-जांभळा-तपकिरी, १५० च्या तपकिरी-हिरवा-तपकिरी. डब्यावर या रंगांचं चित्रच काढून चिकटवलं.

निळा वेगळा का, हे विचारणारं एक पोर निघालंच. तो वेगळ्या पदार्थापासून बनतो, आणि तो बनवणं फार अवघड गेलं, एवढं सांगितलं. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये आला. लख्ख निळा यायला १९९० चं दशक उजाडलं आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी बहुतेक वेळा आतून निळाच असतो, वर पिवळसर लेप. तो लेप सगळ्यांनी भिंगातून बघितला.

२७ जुलै

मळलेल्या पिठाची सर्किटं. ही कल्पना अमेरिकेत मिनेसोटातल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट थॉमस इथे अ‍ॅनमेरी थॉमस यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. पिठात मीठ आणि आंबट घातलं की गोळा वीज नेतो; मिठाऐवजी साखर, आणि पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर व तेल घातलं की तो बराचसा अडवतो. दोन रंगांचे गोळे घेऊन प्राणी बनवायचे, मध्ये एलईडीचे डोळे.

दोन्ही गोळे मी आदल्या रात्री मळून एकाच डब्यात शेजारी शेजारी ठेवले. सकाळपर्यंत साखरेच्या गोळ्यानं मिठाच्या गोळ्यातला ओलावा आणि मीठ ओढून घेतलं होतं. तो आता वीज अडवेना. सहा प्राण्यांचे डोळे अंधूक, एकाचे बंद. वेगळे डबे ठेवा, आणि शक्य असेल तर साखरेचा गोळा त्याच दिवशी मळा. आम्ही वेळ वाचवण्यासाठी मधल्या भिंतीला प्लास्टिकच्या फाइलचे तुकडे वापरले. दिसायला तितकं छान नाही, पण काम पक्कं.

पॅक ६ व्होल्टचा. पिठाचा अडथळा मध्ये असतो म्हणून एलईडी वाचतो, थेट पॅकला लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं होतं. तरी चार एलईडी थेट लावून जळाले. एकाचा डोळा क्षणभर भलताच प्रखर झाला आणि गेला. सांगून हे थांबणार नाही, असं आता वाटतं. चार एलईडी त्यासाठी बाजूला काढूनच ठेवावेत.

आजची खरी मिळकत एका मुलाच्या सापाची. आमच्यातला तो सर्वांत लहान. त्यानं मिठाच्या पिठाचे दोन जाडजूड साप केले, दोघांच्या तोंडांमध्ये एलईडी, दोघांच्या शेपट्यांत वायरी. एलईडी छान लागला. मग साप लांब हवा म्हणून त्यानं एकाला हातावर वळून वळून बारीक केलं. दिवा मंदावला. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, फार अवघड गेलं ते. त्यानं साप परत गोळा करून आखूड जाड केला. दिवा वाढला. मग शेपटीतली वायर काढून सापाच्या मानेत खुपसली, आणखी वाढला. त्याच्याभोवती आता चौघं जण होते. एकानं विचारलं, वायर हळूहळू सरकवली तर? सरकवली. पाच मिनिटांत त्यांच्याकडे दिवा कमी-जास्त करणारं बटण होतं, पिठाचं. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हा शब्द मी त्यानंतर सांगितला, आणि तो फळ्यावर लिहायची गरज पडली नाही.

वायरी खुपसलेल्या जागी बुडबुडे येतात, वीज पिठातल्या पाण्याचं विघटन करत असते. मिठामुळे पाय काळे पडतात. वापरून झाल्यावर एलईडी लगेच धुऊन कोरडे करा. मी ते रात्रभर तसेच ठेवले, पाच निकामी झाले.

३ ऑगस्ट

आज नवीन काही बनवलं नाही. बिघाडवही सुरू केली.

गेल्या चार शनिवारी एक गोष्ट होत आली आहे. दिवा लागला नाही की मूल वस्तू उचलून माझ्याकडे येतं, "ताई, हे बघ ना." मी बघते, दाबते, लागतो. ते आनंदानं परत जातं आणि नेमकं काय बिघडलं होतं ते माझ्या बोटांनाच ठाऊक राहतं. म्हणून नियम केला: माझ्याकडे येण्याआधी वहीत तीन ओळी. काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि कुठलं ठिकाण तपासून बघितलं. तिसरी ओळ रिकामी असेल तर परत जागेवर. मी हात पाठीमागे बांधून उभी राहणार.

दीड तासात मोडकी कार्डं दुरुस्त करताना अकरा नोंदी झाल्या. त्यांतले आठ बिघाड जोडांचे, दोन उलट्या एलईडीचे, एक उतरलेल्या सेलचा.

१० ऑगस्ट

वेड्यावाकड्या तारेवरून कडं न्यायचं, कडं तारेला लागलं की बझर वाजतो, तो खेळ. तार मी मोटर वाइंडिंगची आणली, जाड, लालसर, चकचकीत. मुलांनी सुंदर वळणं दिली. पुठ्ठ्याचा पाया, मूठ, बझर, सगळं तासाभरात तयार.

एकही वाजेना.

या वेळी मी खरंच मागे उभी राहिले, आणि कारण मलाही माहीत नव्हतं. बिघाडवहीत नोंदी येऊ लागल्या. "बझर थेट सेलला लावला, वाजला." "सेल चांगला." "बझर उलटा लावला तर वाजत नाही, आमचा सुलट आहे." म्हणजे तार उरली. मीटर लावला तर कधी बीप यायचा, कधी नाही, त्यामुळे गोंधळ वाढला. तांब्याची तार वीज नेत नाही हे कुणाला पटेना, मलाही नाही.

मग मागच्या टेबलावरच्या मुलीनं मीटरचं टोक एका जागी जोरात खरवडून धरलं. बीप. हलकं टेकवलं, गप्प. तिनं पॉलिश पेपरनं बोटभर तार घासली. तांब्याचा लालसर रंग जाऊन खाली फिकट गुलाबी, ताजं तांबं निघालं, आणि त्यावर कडं टेकताच बझर ओरडला. वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, कारण मोटरमध्ये तिचे वेढे एकमेकांना चिकटून असतात आणि थर नसेल तर सगळे शॉर्ट होतील. चकाकी त्या थराची होती.

पूर्ण तार घासायला दोन जोड्यांनी सुरुवात केली, पण वळणांच्या आतल्या बाजूला पेपर पोचत नाही. आम्ही ती सोडून दिली आणि वायरिंगच्या सिंगल कोअर केबलचं प्लास्टिक सोलून आतली उघडी तार घेतली. वळणं पुन्हा घालावी लागली. सव्वा तास गेला. हा सव्वा तास मला वाया गेलेल्या वेळात लिहावासा वाटत नाही, पण नियोजन करणाऱ्यानं तो धरावा.

तारेच्या दोन टोकांना इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे कडं टेकवायला जागा होते. बझरऐवजी एलईडी लावला तर ओझरता स्पर्श निसटून जातो. कान जास्त पक्के.

१७ ऑगस्ट

थरथरत चित्र काढणारं यंत्र. उलटा कप, चार स्केचपेनांचे पाय, वर छोटी मोटर, मोटरच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन.

एका जोडीनं वजन दोन्ही बाजूंना सारखं लावलं, नीटनेटकं दिसावं म्हणून. मोटर गरगर फिरली आणि यंत्र जागचं हललं नाही. त्यांनी शेजारच्यांचं बघितलं, एका बाजूचं वजन काढलं, आणि कप टेबलावरून पळत सुटला.

थरथरीनं सगळे पिळून केलेले जोड सुटले. सगळे, सातही. तीन मोटरींचे वायर लावायचे पातळ कान मोडले, ते पुन्हा बसवता आले नाहीत. जोड मी सोल्डर करून दिले, पण नुसतं सोल्डर पुरत नाही. वायर मोटरच्या अंगाला ग्लू गननं चिकटवा, म्हणजे ओढ कानावर न येता गोंदावर येते. सेल टेपनं राहत नाही, जाड रबरबँड लागतो.

एकानं वजन कमी व्हावं म्हणून एए सेलच्या जागी बटण सेल लावला. मोटर ढिम्म. त्यानं वहीत लिहिलं: "मीटर ३ व्होल्ट दाखवतो, तरी फिरत नाही." मोटर जोडलेली असतानाच मीटर लाव, म्हटलं. आकडा एकदम एकाच्याही खाली आला. बटण सेल थोडाच प्रवाह देऊ शकतो. मोकळा मोजला तर तो थकवा दिसत नाही. तेव्हापासून सगळे सेल काहीतरी जोडूनच मोजतो.

२४ ऑगस्ट

वर्ग नव्हता. सामान मोजलं. शंभर एलईडींपैकी एकवीस गेले: नऊ जळून, पाच पिठात, सात पाय मोडून. पाय एलईडीच्या अगदी मुळाशी वाकवले की मोडतात, दोन-तीन मिलिमीटर सोडून वाकवावेत. चाळीस बटण सेलपैकी चौदा उतरले, त्यातले सहा माझ्या पत्र्याच्या डब्यानं. मोटरी तीन. वापरलेले सेल वेगळ्या डब्यात, टोकांवर टेप लावून. ते ई-कचऱ्यात देणार.

३१ ऑगस्ट

शेवटचं मोठं काम: पुठ्ठ्याची वस्ती. प्रत्येक जोडीचं एक घर, प्रत्येक घरात एक लाल एलईडी, आणि सगळ्यांना मिळून एकच ४.५ व्होल्टचा पॅक.

घरं त्यांनी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जोडत नेली, एकसर. सात दिव्यांना मिळून साधारण १४ व्होल्ट लागतील, पॅककडे ४.५. अर्थात काही लागलं नाही. मी गप्प. त्यांनी एकेक घर कमी करत नेलं. दोन घरं उरल्यावर दिवे लागले. मग वाद झाला, आणि कार्डवाल्या मुलीनं फुलपाखराचं कार्ड आणून दाखवलं की यात दोन लाल लागतात आणि एक काढला तरी दुसरा राहतो. त्यावरून रस्त्याच्या दोन कडांनी दोन लांब तांब्याच्या पट्ट्या टाकायचं ठरलं. एक प्लसची, एक मायनसची, मध्ये पाच मिलिमीटर अंतर. घरं त्यांवर टाचणीच्या क्लिपनं लागणार.

७ सप्टेंबर

सात घरं, सात रेझिस्टर, पट्ट्यांवर कागदाचा रस्ता चिकटवलेला, कडेला झाडं. पॅक लावला. सगळं अंधारात, आणि सेल तापू लागले. एका मुलानं लगेच पॅक काढला. पहिल्या दिवशी सेल टाकून देणारा तोच.

एका घराचं छप्पर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं होतं आणि माझी खात्री होती की शॉर्ट तिथेच आहे. जीभ चावून गप्प बसले.

त्यांनी पॅक बाहेरच ठेवून मीटर बीपवर लावला, एक टोक प्लस पट्टीला, एक मायनसला. बीप. एकेक घर काढत बसायचं की काय, असं कुणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, निम्मी काढू. चार घरांच्या क्लिपा काढल्या, फॉइलच्या छपरासकट. बीप तसाच. उरलेल्या तिघांतली दोन काढली. तसाच. शेवटचं काढलं. एकही घर नाही आणि मीटर ओरडतोय.

खोलीत शांतता. मग सर्वांत लहान मुलगा म्हणाला, "मग रस्ताच."

रस्ताही त्यांनी निम्मा केला. पट्ट्या मधोमध कापल्या. उजवी बाजू गप्प, डावीकडे बीप. डावीकडचा कागद हळूहळू सोलत नेला, मीटर लावलेलाच. तिसऱ्या झाडाखाली कागद उचलला आणि आवाज थांबला. कागदाच्या मागच्या गोंदाला तांब्याची एक सळी चिकटली होती, केसाएवढी, जेमतेम सहा मिलिमीटर लांब. पट्टी कापताना कडेची सुटलेली. पाच मिलिमीटरच्या फटीवर ती आडवी बसली होती. सगळ्यांनी ती पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघितली. कापलेल्या पट्ट्या दुमडलेल्या टोकांनी परत जोडल्या, ते त्यांना आता सांगावं लागत नाही. वस्ती लागली तेव्हा ठरलेल्या वेळेवर पंचवीस मिनिटं झाली होती आणि एकही जण निघालेला नव्हता.

नंतर एका जोडीनं सुचवलं की प्रत्येक घराला स्वतःचं बटण असतं तर घरं काढावी लागली नसती. टाचणीच्या क्लिपची सात बटणं केली.

पट्ट्यांमधलं अंतर दहा मिलिमीटर ठेवा. आणि कात्री चालवून झाल्यावर टेबल पुसा.

१४ सप्टेंबर

फुलपाखराचं कार्ड आज बंद अवस्थेत परत आलं. मुलगी माझ्याकडे आली नाही, थेट मीटर घेऊन कोपऱ्यात बसली. वीस मिनिटांनी बिघाडवहीत तिची नोंद होती, ती जशीच्या तशी उतरवते: "उघडल्यावर लागायला हवं होतं. लागलं नाही. सेल एलईडी लावून बघितला, चांगला. लाल चांगला. कार्ड जिथे दुमडतं तिथे पट्टी तुटली आहे, डोळ्याला दिसत नाही, बीप येत नाही. रोज उघडझाप केल्यामुळे. आता तिथे पट्टी नको, मऊ वायर हवी."

बहुधाग्याची बारीक वायर मी पुढच्या वेळच्या यादीत लिहिली.